एकाविरुद्ध चौघे : जपानी पक्षाध्यक्षाची निवडणूक समजून घेताना

जपानचा पंतप्रधान कोण होणार हे ठरवणारी निवडणूक पुष्कळदा सार्वत्रिक निवडणूक नसतेच. ती असते एका पक्षाच्या अध्यक्षपदाची. लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष, म्हणजे जपानी माणसाच्या तोंडचा 'जिमिन्तो', १९५५ मध्ये स्थापन झाला आणि त्यानंतरची थोडी वर्षे सोडली तर सत्ता बहुतेक काळ त्याच्याच हाती राहिली. त्यामुळे या पक्षाचा 'सोसाई', म्हणजे अध्यक्ष, निवडला गेला की बहुतेक वेळा देशाचा पंतप्रधानही ठरून जातो.

मी १९९९ साली संगणकाच्या कामासाठी तोक्योत आलो आणि तेव्हापासून एदोगावातच राहिलो. या काळात डझनभर पंतप्रधान पाहिले. आपल्या निशी-कासाईत अशा निवडणुकीच्या दिवशी घरोघरी टीव्ही चालू असतो, पडद्यावर आकडे येत राहतात आणि मुले विचारतात, "बाबा, पहिल्या फेरीत जो पुढे होता तो हरला कसा?" प्रश्न अगदी रास्त आहे. २०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या दोन वर्षांत त्याची दोन वेगवेगळी उत्तरे मिळाली. व्यक्ती तीच, पक्ष तोच, नियम तेच, पण निकाल उलटा. पक्षात दुफळी माजवणारी एक व्यक्ती आणि तिच्यासमोर उभे ठाकलेले अनेक आव्हानवीर, हा सामना नेमका कसा चालतो ते या लेखात उलगडून पाहू. वाटेत नाशिकलाही जाऊन येऊ, कारण हा खेळ आपल्या घरच्या अंगणातही रंगलेला आहे.

तीन दारे

अशा कोणत्याही निवडणुकीला तीन दारे असतात. उभे कोणी राहायचे, मत कोणी द्यायचे आणि मते मोजायची कशी. उमेदवारांचे चेहरे बघण्याआधी ही दारे बघावीत.

पहिले दार. जिमिन्तोच्या अध्यक्षपदासाठी उभे राहायचे तर पक्षाच्या २० खासदारांची शिफारस लागते. एक खासदार एकाचीच शिफारस करू शकतो. वीस हा आकडा छोटा वाटतो, पण ही नावे जाहीर होतात. उद्या आपला माणूस हरला तर शिफारस करणाऱ्याचे नावही लोकांच्या लक्षात राहते. त्यामुळे होतकरूंपैकी बरेच जण या दाराशीच थबकतात.

दुसरे दार. मते दोन प्रकारची. पक्षाचे सगळे खासदार प्रत्येकी एक मत देतात, आणि सर्वसाधारण सभासदांच्या एकूण मतांना खासदारांच्या संख्येइतकेच वजन दिले जाते. २०२५ मध्ये खासदार होते २९५, म्हणून सभासदांची मतेही २९५. सभासद मात्र नऊ लाखांहून अधिक. म्हणजे एका खासदाराचे मत सुमारे तीन हजार सभासदांच्या बरोबरीचे. सभासद व्हायला वर्षाची वर्गणी ४००० येन, वय १८ पूर्ण, आणि जपानी नागरिकत्व. या शेवटच्या अटीकडे लेखाच्या अखेरीस वळू. सभासद आपले मत टपालाने पाठवतात. माझ्या इमारतीतले एक निवृत्त आजोबा अनेक वर्षे सभासद आहेत. कार्ड टपालपेटीत टाकून आले की लिफ्टमध्ये मला तसे सांगतात, पण कोणाला मत दिले ते विचारले की हसून हवापाण्यावर बोलू लागतात.

तिसरे दार सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत लगेच त्याच दिवशी दुसरी फेरी होते. या फेरीत खासदारांची मते तेवढीच राहतात, सभासदांच्या मतांच्या जागी मात्र ४७ प्रांतांची प्रत्येकी एक, अशी ४७ मते येतात. म्हणजे २०२५ च्या दुसऱ्या फेरीत २९५ अधिक ४७, एकूण ३४२. सभासदांचे वजन पहिल्या फेरीत निम्मे, दुसऱ्या फेरीत जेमतेम १४ टक्के. पडद्यावरचा आकडा अचानक का फिरतो, त्याचे मूळ इथे आहे.

गणेशोत्सव समितीचे गणित

क्षणभर राजकारण बाजूला ठेवू. समजा, शंभर सभासदांच्या एका मंडळात गणेशोत्सव समितीचा अध्यक्ष निवडायचा आहे. एका उमेदवारावर चाळीस जण जीव टाकतात आणि उरलेल्या साठांना तो नकोसा आहे. पण या साठांचे एकमत नाही; त्यांचे तीन उमेदवार आहेत आणि मते पडतात पंचवीस, वीस आणि पंधरा. एकच फेरी असेल तर चाळीसवाला जिंकला. दोन फेऱ्या असतील तर पंचवीसवाला समोर येतो आणि उरलेले पस्तीस जण ज्याच्याकडे झुकतील तो अध्यक्ष होतो.

इथपर्यंत सोपे आहे. यावरून आपण पटकन म्हणतो, "आव्हानवीरांनी एकी केली असती तर?" पण या म्हणण्यात एक गृहीतक लपलेले असते. साठही जणांना चाळीसवाला सारखाच नकोसा आहे, आणि आपला माणूस बाद झाला की ते सगळे पंचवीसवाल्याकडेच जातील. प्रत्यक्षात तसे होत नाही. पंधरावाल्यांपैकी काहींना पंचवीसवाला अधिक खटकत असतो. शिवाय साठजणांचे तीन उमेदवार एकमेकांशी लढत असतात ते दुसऱ्या क्रमांकासाठी. चाळीसवाल्यावर तुटून पडण्यात कोणाचाच लगेचचा फायदा नसतो. उलट उद्या त्याच्या मंत्रिमंडळात जागा हवी असेल तर त्याला दुखवणे परवडत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी आव्हानवीरांची गत होते ती केवळ मूर्खपणामुळे नव्हे. प्रत्येकाचा हिशेब आपापल्या जागी बरोबरच असतो.

२०२४ : आठजणांनी अडवले

२७ सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत तब्बल नऊ उमेदवार होते. त्यांत सर्वांत अधिक प्रेम आणि सर्वांत अधिक विरोध वाट्याला आला तो सानाए ताकाइची यांच्या. दिवंगत पंतप्रधान शिंझो आबे यांच्या विचारांच्या वारसदार, ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर यांना आदर्श मानणाऱ्या. यासुकुनी मंदिराला जाण्याबाबत ठाम. पंतप्रधान झाल्यावरही जाईन, असे त्यांनी त्या प्रचारात सांगितले. विवाहित जोडप्यांना वेगवेगळी आडनावे ठेवू देणाऱ्या कायद्याला त्यांचा विरोध. त्यांच्या पाठीराख्यांना त्या स्पष्ट, निर्भय आणि अभ्यासू वाटतात; विरोधकांना वाटते की त्यांच्यामुळे शेजारी देशांशी आणि मधल्या मतदारांशी पक्षाचे बिनसेल. दोन्ही बाजूंची माणसे एकाच पक्षात आहेत, हे लक्षात घेतले की 'दुफळी' या शब्दाचा अर्थ कळतो.

पहिल्या फेरीत ताकाइचींना १८१, शिगेरु इशिबांना १५४ आणि शिंजिरो कोइझुमींना १३६ मते पडली. सभासदांच्या मतांत ताकाइची १०९ आणि इशिबा १०८, म्हणजे जवळजवळ बरोबरी. खासदारांच्या मतांत मात्र ताकाइची ७२ आणि इशिबा अवघे ४६. इशिबा हे लोकांत लोकप्रिय पण सहकाऱ्यांत नावडते, अशी त्यांची ख्याती जुनीच होती. २०१२ च्या निवडणुकीत त्यांना सभासदांच्या ३०० पैकी १६५ मते मिळाली होती, पण तेव्हा दुसऱ्या फेरीत फक्त खासदार मत देत, आणि तिथे आबेंनी त्यांना १०८ विरुद्ध ८९ असे हरवले. प्रांतांची ४७ मते दुसऱ्या फेरीत आणणारा नियम झाला तो त्यानंतर.

तर असे हे नावडते इशिबा २०२४ च्या दुसऱ्या फेरीत २१५ विरुद्ध १९४ मतांनी जिंकले. खासदारांची त्यांची मते ४६ वरून १८९ झाली. हे १४३ नवे खासदार एका रात्रीत इशिबाभक्त झाले होते असे नव्हे. त्यांतल्या अनेकांना समोरची व्यक्ती नको होती, इतकेच. आठ आव्हानवीरांनी मिळून एकीला अडवले, ते दुसरी फेरी होती म्हणून.

पण हा विजय उसन्या मतांचा होता, आणि उसनवारीला मुदत असते. त्याच २७ ऑक्टोबरला कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत जिमिन्तो आणि त्याचा मित्रपक्ष कोमेइतो यांचे बहुमत गेले. २० जुलै २०२५ ला वरिष्ठ सभागृहातलेही गेले. मूळचे ४६ सोडले तर इशिबांसाठी खिंड लढवायला कोण उभे राहणार होते? ७ सप्टेंबर २०२५ ला त्यांनी पायउतार होण्याचे जाहीर केले.

२०२५ : तेच नाव, उलटा निकाल

४ ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत ताकाइचींसमोर चौघे होते. शेतीमंत्री कोइझुमी, ज्यांनी मे महिन्यात सरकारी साठ्यातला तांदूळ पाच किलोला २००० येनच्या आसपास दुकानांत आणला, हे आपल्या घरच्या मंडळींना चांगले आठवत असेल. मुख्य कॅबिनेट सचिव योशिमासा हायाशी. तरुण आणि उजव्या विचारांचे ताकायुकी कोबायाशी. आणि पक्षाचे माजी सरचिटणीस तोशिमित्सु मोतेगी.

पहिल्या फेरीचे आकडे असे. ताकाइची १८३ (खासदार ६४, सभासद ११९), कोइझुमी १६४ (८० आणि ८४), हायाशी १३४ (७२ आणि ६२), कोबायाशी ५९ (४४ आणि १५), मोतेगी ४९ (३४ आणि १५). नीट पाहा : खासदारांत ताकाइची तिसऱ्या होत्या. पाचांतल्या जवळजवळ चार खासदारांनी पहिल्या फेरीत त्यांना मत दिले नव्हते. २०२४ चा हिशेब लावला तर दुसऱ्या फेरीत त्या हरायला हव्या होत्या. पण त्या १८५ विरुद्ध १५६ मतांनी जिंकल्या. खासदारांत १४९ विरुद्ध १४५, प्रांतांत ३६ विरुद्ध ११.

बाद झालेल्या तिघांकडे मिळून १५० खासदार होते. त्यांतले ८५ ताकाइचींकडे आले आणि ६५ कोइझुमींकडे गेले. एका वर्षात काय बदलले? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण मोकळ्या झालेल्या मतांच्या मुळाशी आहे. कोबायाशींचे पाठीराखे विचाराने ताकाइचींच्या जवळचे. 'ताकाइची नकोत' या एका धाग्यात त्यांना ओवणे मुळातच चुकीचे होते.

दुसरे कारण भीतीचे. २०२४ मध्ये खासदारांना भीती होती की ताकाइची आल्या तर मधला मतदार जाईल. जुलै २०२५ च्या निवडणुकीत 'आधी जपानी माणूस' अशी हाक देणाऱ्या सान्सेइतो पक्षाने १४ जागा मिळवल्या, आणि भीतीने कूस बदलली. आता उजवीकडचा मतदार जाईल अशी धास्ती वाटू लागली. भीतीची दिशा फिरली की नकोशी व्यक्ती हवीशी होते.

तिसरे कारण सभासदांच्या कौलाचे. ११९ विरुद्ध ८४ हे अंतर मोठे होते. ते डावलले तर आपल्याच मतदारसंघातल्या कार्यकर्त्यांना तोंड कसे दाखवायचे? माजी पंतप्रधान तारो आसो यांनी आपल्या गटाला सभासदांच्या मतांत आघाडीवर असलेल्या उमेदवाराकडे जाण्याचा इशारा दिला, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांत ठळकपणे आले होते. २०२४ मध्ये इशिबा आणि ताकाइची सभासदांत एका मताने मागेपुढे होते, म्हणून खासदारांना मोकळीक होती. २०२५ मध्ये ती नव्हती.

यात आव्हानवीरांच्या वागण्याचाही भाग आहे. कोइझुमींनी २०२४ मध्ये वेगळ्या आडनावांचा कायदा आणण्याची भाषा केली आणि सभासदांची ६१ मते मिळवून तिसरे आले. २०२५ मध्ये त्यांनी तो विषय गुंडाळून ठेवला. इकडे ताकाइचींनीही आपली धार थोडी बोथट केली; स्वतःला मध्यममार्गी परंपरावादी म्हणवले आणि यासुकुनीबद्दल योग्य वेळी ठरवीन असे मोघम सांगितले. दोघेही मध्याकडे सरकले. पण सभासदांना ताकाइची कशासाठी उभ्या आहेत हे आधीपासून ठाऊक होते. कोइझुमी कशासाठी उभे आहेत हे मात्र अधिकच धूसर झाले. दुफळी माजवणाऱ्या उमेदवाराला गप्प राहणे परवडते. आव्हानवीराला परवडत नाही.

नाशिकची बारा मते

आता घरचे उदाहरण. १९५० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नाशिकला भरायचे होते. त्याआधी झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तीन उमेदवार होते : अलाहाबादचे पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य जे. बी. कृपलानी आणि महाराष्ट्रातले गांधीवादी नेते शंकरराव देव.

टंडन हे चारित्र्याने निष्कलंक, राहणीने साधे आणि हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते. निर्वासित आणि पाकिस्तान या प्रश्नांवरची त्यांची भूमिका पंतप्रधान नेहरूंना जातीयतेकडे झुकणारी वाटत होती. सरदार पटेल टंडनांच्या पाठीशी होते. नेहरूंनी आपली नाराजी लपवली नाही आणि त्यांचा कल कृपलानींकडे होता. १९४८ मध्ये टंडन पट्टाभी सीतारामय्या यांच्याकडून हरले होते. म्हणजे इथेही तोच क्रम : एकदा अडवले गेले, दुसऱ्यांदा जिंकले.

मते पडली ती अशी. टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. कृपलानी आणि देव यांची बेरीज १२९४. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' असे म्हणून देवांना दोष द्यायचा मोह होतो. पण बेरीज पाहा. देव उभे राहिले नसते आणि त्यांची २०२ च्या २०२ मते कृपलानींना गेली असती, तरीही कृपलानी बारा मतांनी हरलेच असते. आव्हानवीर हरले ते फाटाफुटीने नव्हे, तर निम्म्याहून किंचित अधिक प्रतिनिधींना टंडनच हवे होते म्हणून. पराभवानंतर 'मते फुटली' ही सबब फार सोयीची असते. ती मान्य करण्याआधी बेरीज करून पाहावी.

पुढची कथा अधिक बोधप्रद आहे. १५ डिसेंबर १९५० ला पटेल वारले. कृपलानी १९५१ मध्ये काँग्रेस सोडून गेले आणि त्यांनी किसान मजदूर प्रजा पक्ष काढला. नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये टंडनांनाच अध्यक्षपद सोडावे लागले. नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. मतपेटीतून आलेला अध्यक्ष वर्षभरात गेला, कारण पक्षाच्या सत्तेचा कणा त्या पदात नव्हता, पंतप्रधानपदात होता.

१९९७ ची पुनरावृत्ती

हाच धडा १९९७ मध्ये पुन्हा गिरवला गेला, आणि या वेळी मराठी मनाचा जीव त्यात अडकलेला होता. काँग्रेस अध्यक्ष सीताराम केसरी यांनी देवेगौडा सरकारचा पाठिंबा काढून एप्रिलमध्ये ते पाडले होते. पक्षात त्यावरून धुसफुस होती. जूनमधल्या निवडणुकीत त्यांच्यासमोर शरद पवार आणि राजेश पायलट उभे राहिले. निशी-कासाईतल्या आमच्या पहिल्या पिढीच्या मंडळींत पुढे या निवडणुकीची चर्चा वर्षानुवर्षे चाले : पवार आणि पायलट एकत्र आले असते तर?

पुन्हा बेरीज. केसरी ६२२४, पवार ८८२, पायलट ३५४. दोघांचे मिळून १२३६. एकी केली असती तरी पाचपटीने हरले असते. इथे खेळ तिसऱ्या दारावर नव्हता, दुसऱ्यावर होता. प्रदेश समित्यांतून येणारे प्रतिनिधी बहुतेक त्या त्या प्रांतातल्या पुढाऱ्यांच्या इशाऱ्यावर चालणारे, आणि त्या पुढाऱ्यांची नजर पदावर बसलेल्या अध्यक्षाकडे. मतदार कोण हे ज्याच्या हातात, त्याला आव्हानवीरांची संख्या मोजावी लागत नाही. आणि तरीही हे ८३ टक्के मते मिळवणारे केसरी मार्च १९९८ मध्ये कार्यकारिणीच्या एका ठरावाने बाजूला झाले आणि सोनिया गांधी अध्यक्ष झाल्या. सत्तेचे केंद्र पदाबाहेर असले की पदाची निवडणूक जिंकूनही फारसे हाती लागत नाही. जपानमधली पक्षाध्यक्षाची निवडणूक अधिक अटीतटीची होते ती याच कारणाने : तिथे जिंकणाऱ्याच्या हाती खरोखर सत्ता येते.

आणि ही तिन्ही दारेच नसतील तर काय होते? १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये टिळकांच्या गटाला लाला लजपतराय अध्यक्ष हवे होते, नेमस्तांना रासबिहारी घोष. मते मोजण्याची सर्वमान्य रीतच नव्हती. शेवटी मंडपात जोडा भिरकावला गेला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, आणि काँग्रेस दुभंगली. नियम कितीही कंटाळवाणे वाटले तरी ते जोड्याहून बरे.

अमेरिकेतली एकच फेरी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांनी हाच खेळ वेगळ्या नियमांनी पाहिला. २०१६ च्या रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत डोनाल्ड ट्रम्प यांच्यासह सतरा प्रमुख उमेदवार होते. साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना सुमारे साडेबत्तीस टक्के मते पडली. रुबिओ आणि क्रूझ यांना प्रत्येकी बावीसच्या आसपास. पण त्या राज्याच्या नियमांनुसार ५० च्या ५० प्रतिनिधी ट्रम्प यांना मिळाले. दुसरी फेरी नाही. प्रत्येक आव्हानवीर इतरांनी माघार घ्यावी म्हणून थांबून राहिला, आणि थांबण्यातच वेळ गेला.

२०२४ मध्ये उलट झाले. लवकरच मैदानात निक्की हेली एकट्या उरल्या. आपल्या लोकांना त्यांच्याबद्दल आणि विवेक रामस्वामींबद्दल कुतूहल होतेच. एकास एक लढत मिळूनही हेलींना व्हरमाँट आणि राजधानी वॉशिंग्टन एवढेच जिंकता आले. म्हणजे २०१६ मध्ये फाटाफूट हे खरे कारण असेलही, २०२४ मध्ये नव्हते. पक्षाच्या मतदारांचे मन एकदा वळले की आव्हानवीर एक असो की सोळा, फरक पडत नाही.

आपला संबंध काय?

यावर आपल्यातले काही जण म्हणतात, "आपल्याला मत नाही, तर ही डोकेफोड कशाला?" मला हे म्हणणे पटत नाही. मत नसणाऱ्यावर निकालाचा परिणाम कमी होत नाही. उलट बोलायला जागा कमी असते.

२०२५ च्या प्रचाराच्या सुरुवातीलाच ताकाइचींनी नारातल्या हरणांना लाथा मारणाऱ्या परदेशी लोकांचा विषय काढला होता. पर्यटकांबद्दलचे बोलणे आणि इथे वीस वर्षे कर भरणाऱ्या रहिवाशांबद्दलचे धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण प्रचारात त्या सहज एकमेकांत मिसळतात. २१ ऑक्टोबर २०२५ ला त्या पंतप्रधान झाल्या, जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान. त्याआधीच १० ऑक्टोबरला, अध्यक्षपदाच्या निकालानंतर सहा दिवसांत, कोमेइतोने २६ वर्षांची युती मोडली होती, आणि नवा जोडीदार इशिन पक्ष झाला. परदेशी रहिवाशांविषयीच्या धोरणासाठी नव्या मंत्रिमंडळात एका मंत्र्याकडे खास जबाबदारी देण्यात आली.

पण इथे न्यायाने बोलले पाहिजे. व्यवसाय चालवण्याच्या व्हिसासाठी लागणारे भांडवल ५० लाख येनवरून ३ कोटी येनवर गेले, आणि आपल्या भागातल्या छोट्या उपाहारगृहवाल्यांची झोप उडाली. हा नियम १६ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला, म्हणजे ताकाइची पंतप्रधान होण्याच्या पाच दिवस आधी. तो आधीच्या इशिबा सरकारच्या काळात ठरला होता. परदेशी रहिवाशांच्या प्रश्नासाठी मंत्रिमंडळ सचिवालयात वेगळे कार्यालयही इशिबांच्याच काळात, जुलै २०२५ मध्ये उघडले गेले. तात्पर्य, एका नावावर रोष किंवा भरवसा ठेवून भागत नाही. पक्षातली हवा फिरली की आव्हानवीरही त्याच दिशेला चालू लागतात. दुफळी माजवणाऱ्या उमेदवाराचा खरा प्रभाव तो जिंकतो की नाही यात नसतो. त्याचे प्रतिस्पर्धी कशाबद्दल बोलणे सोडून देतात यात असतो.

नागरिकत्वाची अट सगळीकडे आणि सदैव होती असेही नाही. सप्टेंबर २०१० मध्ये तेव्हाच्या सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षात नाओतो कान आणि इचिरो ओझावा यांच्यात नेतृत्वाची लढत झाली, तेव्हा त्या पक्षाचे समर्थक म्हणून नाव नोंदवलेल्या परदेशी रहिवाशांनाही मत देता येत होते. त्यावर टीका झाली आणि नंतर तो नियम बदलला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात म्हटले होते की कायम रहिवाशांना स्थानिक निवडणुकांत मत देणारा कायदा संसदेने केला तर राज्यघटना त्याच्या आड येत नाही. संसदेने मात्र तसा कायदा केला नाही.

उरतो नागरिकत्वाचा मार्ग. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तो निर्णय प्रत्येक घरात जड जातो, आणि तो घ्यावा की न घ्यावा हे दुसऱ्याने सांगण्यासारखे नाही. पण त्या वाटेने गेलेल्या आपल्याच एका माणसाचे उदाहरण समोर आहे. योगेंद्र पुराणिक २०१२ मध्ये जपानी नागरिक झाले आणि एप्रिल २०१९ मध्ये याच एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले. पक्षाध्यक्षाची निवडणूक फार दूरची वाटली, तरी वॉर्ड सभा दूर नाही. शाळा, पाळणाघरे, परदेशी मुलांसाठी जपानी भाषेचे वर्ग हे विषय तिथेच येतात, आणि तिथल्या सभासदाला भेटून बोलायला मतदार असावे लागत नाही.

पुढच्या वेळी पडद्यावर आकडे झळकू लागले की मुलांना घेऊन चार गोष्टी पाहा. पहिल्या फेरीत खासदारांत कोण पुढे आणि सभासदांत कोण पुढे. त्या दोन आकड्यांत अंतर किती. बाद झालेल्यांचे खासदार कोणाच्या विचाराचे. आणि जिंकणाऱ्याच्या मतांतली स्वतःची किती, उसनी किती. या चौथ्या आकड्यावरून तो पंतप्रधान किती काळ टिकेल याचा थोडाफार अंदाज येतो. आपल्या मुलांपैकी काही जण उद्या इथले मतदार होतील, काही भारतात परततील, काही तिसऱ्याच देशात जातील. कुठेही गेले तरी मत देण्याआधी बेरीज करण्याची सवय त्यांच्या उपयोगी पडेल.